अधि, परि आणि सेविका : परिचारिकेविषयीच्या आपल्या भाषेची तपासणी

सरकारी रुग्णालयातील परिचर्या संवर्गाची पदनामे खालून वर वाचत जावीत. तळाशी ‘अधिपरिचारिका’, म्हणजे पूर्वीची स्टाफ नर्स. तिच्यावर ‘परिसेविका’, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. मग सहायक अधिसेविका, आणि सर्वांत वर ‘अधिसेविका’, जिला आजही सगळे मेट्रनच म्हणतात. ‘अधि’ हा उपसर्ग वरचेपणा दाखवतो असे आपण शाळेत शिकलो. येथे तो तळालाही आहे आणि शेंड्यालाही. पण मला या जिन्यात उपसर्गांपेक्षा धातू अधिक बोलके वाटतात. ‘परिचर’ म्हणजे भोवती फिरणे. या खाटेकडून त्या खाटेकडे, सलाइनपासून तापाच्या तक्त्यापर्यंत, तिथून औषधाच्या ट्रॉलीकडे. कामाचे इतके नेमके वर्णन करणारा शब्द सरकारी पदनामांत विरळा. बढती मिळाली की नेमका हा शब्द जातो आणि त्याच्या जागी ‘सेवा’ येते. तलाठ्याच्या वर मंडळ अधिकारी असतो, लिपिकाच्या वर अधीक्षक असतो. वर चढणाऱ्याच्या नावात अधिकार वाढत जातो. परिचारिकेच्या जिन्यावर मात्र वर चढणारी बाई अधिकाधिक सेविका होत जाते. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत २०१६ पासून ‘नर्सिंग ऑफिसर’ हे नाव आले, तेव्हा कुठे या कामाला ‘अधिकारी’ हा शब्द चिकटला.

पदनाम बदलले म्हणून रात्रपाळी हलकी होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही शब्दांपासूनच सुरुवात करते, कारण परिचारिकांचा ताण, त्यांचे थकणे आणि त्यांचे ‘सक्षमीकरण’ यांवर गेल्या काही वर्षांत जे लिहिले जाते आहे ते वाचताना मला सतत एक गोष्ट जाणवत राहिली. आपल्याकडे परिचारिकेबद्दल बोलायला एकच मोठा शब्द आहे, सेवा. आणि त्या शब्दाने तिच्याकडे जबाबदारी जाऊ दिली, पण अधिकार अडवून ठेवला.

हे आपल्या परंपरेत मुळातच होते असे म्हणता येत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, रुग्णाजवळ राहणारा परिचारक आणि रुग्ण. या परिचारकाचे चार गुण मोजले आहेत. त्यांत पहिला उपचारांचे ज्ञान, दुसरा दक्षता, तिसरा अनुराग म्हणजे जिव्हाळा, आणि चौथा शुचिता. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. ज्ञान पहिले, माया तिसरी. आजच्या सत्कार समारंभांत मात्र मायेलाच पहिला मान असतो आणि ज्ञानाचा उल्लेख बहुधा होतच नाही. बारा मेला, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिवशी, हातात दिवा घेतलेल्या बाईचे चित्र लावले जाते. नाइटिंगेल ही आकडेवारीची जाणकार होती, लष्करी रुग्णालयांतील मृत्यूंची कारणे तिने तक्त्यांतून सरकारपुढे मांडली, ही गोष्ट दिव्याच्या उजेडात दिसत नाही.

‘सेवा’ हा शब्द या कामाला चिकटला त्याला एक इतिहास आहे आणि त्याबद्दल तुच्छतेने बोलण्याचे कारण नाही. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या, तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावण्याचे, मलमूत्र काढण्याचे काम घरंदाज बाईने करावे ही कल्पनाच समाजाला झेपणारी नव्हती. विटाळ, जात आणि चारित्र्य, तिन्ही बाजूंनी हल्ला होता. त्या हल्ल्यापुढे ‘सेवा’ ही ढाल होती. या शब्दाने काम पवित्र केले, म्हणून बाईला घराबाहेर पडता आले. ढाल उपयोगी पडली, यात शंका नाही. पण ढाल पाठीवर कायमची बांधली की तिचे ओझे होते.

वऱ्हाडात हे ओझे आणखी जड आहे, कारण इथे सेवा हा नुसता शब्द नाही, इथली ती मोठी पुण्याई आहे. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा, यावलीचे तुकडोजी महाराज आणि मोझरीचा त्यांचा गुरुकुंज, शेगावच्या मंदिरात आपल्या पाळीची वाट पाहणारे सेवेकरी, अमरावतीजवळ १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेले तपोवन. या मातीत वाढलेल्या मुलीला नर्सिंग कॉलेजात पहिल्या दिवशी ‘हे सेवेचे क्षेत्र आहे’ असे सांगितले की तिच्या मनात हे सगळे उभे राहते. राहावेही. मात्र या उदाहरणांत आणि तिच्या नोकरीत एक फरक आहे, तो कोणी सांगत नाही. गाडगेबाबा गाव झाडत, पण खराटा केव्हा उचलायचा आणि केव्हा ठेवायचा हे तेच ठरवत. सकाळी ज्यांची गल्ली झाडली त्यांनाच रात्री कीर्तनात उभे करून फटकारण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. त्यांच्यावर कोणी वरिष्ठ नव्हता. शेगावचा सेवेकरी पाळी संपली की घरी जातो, आणि तिथे उभा असतो तो स्वतःच्या इच्छेने. स्वतःहून दिलेली सेवा ही मुळात अधिकार असलेल्या माणसाचीच गोष्ट आहे. वॉर्डातली परिचारिका ड्यूटीचा तक्ता स्वतः लावत नाही, खाटा किती भरायच्या हे ठरवत नाही, आणि बदलीवरची सिस्टर आली नाही तर तिला वॉर्ड सोडता येत नाही. तिच्या कामाला सेवा म्हणणे हा गौरव आहे खरा, पण त्या गौरवात तिचा पगार, तिची रजा आणि तिचे ‘नाही’ म्हणणे विरघळून जाते. या शब्दाची आर्थिक बाजू पाहायची असेल तर परिचारिकेच्याही खाली पाहावे : अंगणवाडी ‘सेविका’, आशा ‘स्वयंसेविका’. नावात सेवा आली की हातात वेतन येत नाही, मानधन येते. अंगणवाडीतल्या स्त्रियांना उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी लागू आहे, हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ मधला निकाल लागला.

आता दुसऱ्या शब्दाकडे वळते. इंग्रजीतला ‘बर्नआउट’ हा शब्द आज कोणीही कशालाही वापरतो. त्याची एक जुनी वाट मात्र कुष्ठरोगाच्या वसाहतीतून जाते, हे तपोवनाच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला माहीत असायला हवे. रोग शरीरात जेवढा जाळायचा तेवढा जाळून विझला, आता तो पसरणार नाही, पण बोटे गेली ती गेली, अशा रुग्णाला डॉक्टर ‘बर्न्ट-आउट केस’ म्हणत. ग्रॅहम ग्रीनने काँगोमधल्या कुष्ठवसाहतीवरच्या कादंबरीला हेच नाव दिले. १९६१ मध्ये ती इंग्रजीत आली. तिच्यातला क्वेरी हा नावाजलेला वास्तुशास्त्रज्ञ. त्याला ना कामात रस उरला आहे ना माणसांत, आणि तो स्वतःला त्या रुग्णांच्या जातीचा समजतो. पुढे १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात मनापासून राबणाऱ्या कार्यकर्त्यांची जी अवस्था पाहिली तिला हा शब्द लावला. त्यानंतर क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बावीस विधानांची मोजपट्टी तयार केली. ती तीन गोष्टी मोजते : भावनिक थकवा, समोरच्याला माणूस न मानण्याइतका आलेला कोरडेपणा, आणि आपल्या हातून काहीच साधत नाही ही भावना. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या नव्या वर्गीकरणात याची नोंद घेतली, पण रोग म्हणून नव्हे. न आवरलेल्या कामाच्या ताणातून येणारी, कामापुरतीच वापरायची संज्ञा, असे तिने स्पष्ट केले.

ही मोजपट्टी माझ्या टेबलावर आली ती एका परिचारिकेमुळे. अमरावतीत नोकरी सांभाळून ती एम.एस्सी. नर्सिंग करत होती. प्रबंध नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला द्यायचा होता, विषय अमरावती आणि अकोल्यातील परिचारिकांचा ताण. प्रश्नावल्यांचे मराठी तपासून द्यावे म्हणून ती अकोल्याला माझ्याकडे आली. मी अनेक वर्षे मराठी शिकवले एवढाच माझा अधिकार. तिने बर्नआउटला ‘जळणे’ असा शब्द योजला होता. मी म्हटले, “बाई, मराठीत जळतात ते दुसऱ्याच्या साडीवर.” ती हसली आणि म्हणाली, “मग करपणे लिहू का मॅडम? भाकर करपते तसं.” मला तो शब्द एकदम पटला. भाकर करपते तेव्हा कोणी भाकरीला दोष देत नाही. आच किती होती आणि उलटायला कोण होते, हे विचारतात. आमच्याकडच्या कपाशीवर ‘लाल्या’ येतो, त्याचाही प्रकार असाच. पाने लाल होतात, झाड उभे राहते, बोंडेही धरते, पण आतून संपत जाते. कृषिशास्त्रज्ञ त्याला रोग न म्हणता विकृती म्हणतात, कारण त्यामागे जंतू नसतो. बोंडांचा भार ऐन भरात असताना जमिनीतून नत्र आणि मॅग्नेशियम पुरेसे मिळत नाही, पाण्याचा ताण पडतो, रात्री एकदम गार होतात. उपाय करायचा तो खतापाण्याकडे पाहून. लाल पडलेल्या झाडाला योगासने शिकवायला कोणी जात नाही. परिचारिकांसाठी ताण-व्यवस्थापनाची शिबिरे भरतात तेव्हा मला ही कपाशी आठवते.

‘कोरडेपणा’ मोजणाऱ्या विधानांपाशी आम्ही दोघी बराच वेळ अडलो. रुग्णांशी आपण निर्जीव वस्तूंसारखे वागतो का, अशा अर्थाचे ते प्रश्न आहेत आणि ‘होय’ म्हटले की करपण्याचे गुण वाढतात. तिने मला विषबाधेच्या रुग्णांबद्दल सांगितले. वऱ्हाडात कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. ‘त्यानं औषध घेतलं’ या वाक्याचा अर्थ मुंबईच्या माणसाला कळणार नाही. असा रुग्ण रात्री-अपरात्री येतो, बरोबर घाबरलेली बायको किंवा बाप असतो. पोट धुवायचे, सलाइन लावायचे आणि मग अ‍ॅट्रोपीनची इंजेक्शने. सुरुवातीला दर काही मिनिटांनी बाहुल्या पाहायच्या, नाडी मोजायची, तोंडातली लाळ आणि छातीतली घरघर कमी झाली का ते ऐकायचे. मात्रा कमी पडली तर रुग्ण स्वतःच्याच छातीतल्या पाण्यात बुडतो. जास्त झाली तर भ्रमात जाऊन सलाइन उपटतो, त्याला धरून ठेवावे लागते. याच वेळी बाकीच्या खाटा रिकाम्या नसतात. वॉर्डात अशा रुग्णाला ‘पॉयझन’ म्हणतात. ‘पॉयझनचं अ‍ॅट्रोपीन झालं का?’ नाव नाही, गाव नाही, किती एकर आणि किती कर्ज हे नाही.

मोजपट्टीच्या हिशेबात हा कोरडेपणा. पण १९६० मध्ये इसाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक विदुषीने लंडनच्या एका अध्यापन रुग्णालयातील परिचारिकांचा अभ्यास केला तेव्हा तिला हेच दिसले होते. रुग्णाला खाटेच्या क्रमांकाने किंवा बिघडलेल्या अवयवाने ओळखायचे, काम लहान लहान तुकड्यांत वाटून घ्यायचे, निर्णय वर ढकलायचा. मेन्झीसने त्याला एखाद्या परिचारिकेचा दोष मानले नाही. मरण आणि वेदना यांच्याजवळ रोज राहिल्याने येणाऱ्या भीतीविरुद्ध संपूर्ण संस्थेनेच उभारलेली ती तटबंदी आहे, असे तिने मांडले. आणि ही तटबंदी भीती दूर ठेवते खरी, पण कामातले समाधानही बाहेरच ठेवते, हेही दाखवले. माझे मत असे की मोजपट्टी इथे वाचनात कमी पडते. ‘पॉयझन’ हा शब्द कोरडा आहे, पण त्या शब्दाच्या आडोशाला उभी राहूनच ती बाई बाहुल्या नीट पाहू शकते. त्या माणसाचे नाव, पऱ्हाटी आणि पोरे डोळ्यांपुढे ठेवून मात्रा मोजायला गेली तर तिचा हात थरथरेल. एकाच वर्तनात कौशल्य आणि करपणे दोन्ही असतात. आकडा फक्त दुसऱ्याला मिळतो.

हिंदी चित्रपटाने ही गोष्ट फ्रॉइडनबर्गरच्या पाच वर्षे आधी सांगितली होती, हे मला त्या दुपारी आठवले. असित सेन यांचा १९६९ चा ‘खामोशी’. मूळ आशुतोष मुखोपाध्याय यांची बंगाली कथा, तिच्यावर सेन यांनीच दहा वर्षे आधी ‘दीप ज्वेले जाय’ हा बंगाली चित्रपट केला होता. मनोरुग्णालयातल्या राधाला, वहिदा रहमानला, वरिष्ठ डॉक्टर एका रुग्णाशी प्रेमाचे नाटक करायला सांगतो. तो प्रयोगाचा भाग असतो. रुग्ण बरा होऊन निघून जातो, राधा मात्र खरोखर गुंतलेली असते. दुसऱ्या रुग्णाच्या वेळी ती नकार देते आणि शेवटी तेही काम तिच्याच गळ्यात पडते. तो रुग्णही बरा होतो, आणि राधा ज्या वॉर्डात काम करत होती तिथेच रुग्ण म्हणून दाखल होते. आपण पन्नासहून अधिक वर्षे हा चित्रपट प्रेमाची शोकांतिका म्हणून पाहिला, त्यातल्या गाण्यांसह. मला तो नोकरीच्या अटींचा चित्रपट वाटतो. प्रयोग डॉक्टरचा, यश डॉक्टरचे, शेवटचा पश्चात्तापसुद्धा डॉक्टरचाच. राधाच्या वाट्याला प्रयोगाचे साहित्य होणे येते. मधल्या एका क्षणी ती ‘नाही’ म्हणते, पण त्या ‘नाही’ला वजन देणारी कोणतीही व्यवस्था त्या रुग्णालयात नसते. चित्रपटाला तिच्या हृदयाची कीव आहे, तिच्या नकाराची किंमत नाही.

त्या प्रश्नावलीतला आमचा तिसरा अडथळा ‘सक्षमीकरण’ हाच होता. ‘कार्यस्थळी सक्षमीकरण’ हे शीर्षक वाचून ती म्हणाली, “मॅडम, सक्षमीकरण म्हणजे आम्ही आत्ता अक्षम आहो का?” प्रश्न साधा होता आणि अचूक होता. हा शब्द सरकारी योजनांतून आपल्या अंगवळणी पडला आहे, त्यामुळे त्यात दडलेले गृहीत आपल्याला दिसत नाही : बाईत काहीतरी कमी आहे आणि प्रशिक्षण देऊन ते भरून काढायचे आहे. ज्या मूळ सिद्धान्तावर ही प्रश्नावली उभी आहे तो नेमका उलट बोलतो. रोझाबेथ मॉस कँटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७७ मध्ये एका मोठ्या कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्रिया महत्त्वाकांक्षी नसतात, क्षुल्लक गोष्टींत अडकतात, असे जे स्वभावदोष म्हणून सांगितले जाई ते खरे तर त्या ज्या जागी बसवल्या आहेत त्या जागेचे दोष आहेत, असे त्यांनी दाखवले. माहिती, पाठबळ, साधने आणि पुढे जाण्याची संधी, या चार गोष्टी मिळाल्या की माणूस समर्थपणे वागतो. न मिळाल्या की कोणीही, पुरुषसुद्धा, कुढतो आणि नियमांना चिकटून बसतो. कॅनडात हेदर लॅशिंगर यांनी हा विचार परिचारिकांच्या कामाला लावला. म्हणजे अक्षम आहे ती जागा. मराठी शब्दाने मात्र हा दोष अलगद उचलून बाईच्या पदरात टाकला. आम्ही शेवटी ‘कामावरील अधिकार’ असे लिहिले. शब्दशः भाषांतर नव्हे, पण अर्थाशी अधिक इमान राखणारे आहे असे मला वाटते.

चौघांपैकी ‘साधने’ हा मुद्दा तर मोजूनच पाहता येतो. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. रजेसाठी तीस टक्के जास्तीच्या जागा वेगळ्या. हा आकडा मनात ठेवून कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयात रात्री दोन वाजता खाटा मोजाव्यात, जमिनीवरच्या गाद्याही मोजाव्यात, आणि मग सिस्टर मोजाव्यात. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी आणि परिचारिका करपण्याची शक्यता तेवीस टक्क्यांनी वाढलेली त्यांना दिसली. अमेरिकेचा आकडा वऱ्हाडाला जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण तिथे चार ते आठ रुग्णांपर्यंतचीच चर्चा आहे. पण त्यातली जोडणी लावता येते. परिचारिकेचे करपणे आणि रुग्णाचे मरणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकाच तक्त्यातले ते दोन स्तंभ आहेत.

२०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते, नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षे होत होती म्हणून. त्याच वर्षी करोना आला आणि सेवेच्या जोडीला नवा शब्द आला, ‘योद्धा’. २२ मार्चला थाळ्या वाजल्या, ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले पडली. पुढच्या वर्षी दुसरी लाट महाराष्ट्रात ज्या भागांत आधी उसळली त्यांत अमरावती आणि अकोला होते. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस अमरावती आणि अचलपूर पुन्हा कुलूपबंद झाले, तेव्हा देशातल्या बऱ्याच भागांना साथ संपली असे वाटत होते. इर्विन, डफरीन, लेडी हार्डिंग ही व्हाइसरॉय आणि त्यांच्या बायकांची जुनी नावे तोंडी असलेल्या आमच्या दोन शहरांत त्या महिन्यांत कोणत्याही घरी रुग्णालयाशिवाय दुसरा विषय नव्हता. योद्धा हा शब्द सेवेपेक्षा पुरुषी आणि झगझगीत आहे, पण काम तेच करतो. योद्ध्याने रजा मागायची नसते आणि धारातीर्थी पडला तर तो गौरव असतो. युद्धभूमीवर जायला चिलखत मात्र लागते, आणि संरक्षक पोशाख तर सुरुवातीला मिळतच नव्हते. साथ ओसरल्यावर अनेक ठिकाणी कंत्राटी योद्ध्यांच्या नेमणुका संपल्या. मे २०२२ च्या अखेरीस राज्यातील परिचारिका बाह्यस्रोतांतून होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या. ‘रुग्णांना वाऱ्यावर सोडले’ हा आरोप तेव्हा ऐकू आला. सेवेचा शब्द पुन्हा आडवा आला; सेवा करणारी व्यक्ती संप कशी करेल?

आणि मग आगी. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. सतरापैकी दहा बालके गेली, सात वाचली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात करोना रुग्णांच्या अतिदक्षता कक्षात आगीने अकरा जणांचा बळी घेतला. दोन्ही ठिकाणी कारवाई झालेल्यांत परिचारिका होत्या. भंडाऱ्यात कंत्राटी परिचारिकांची ‘सेवा समाप्त’ झाली, नगरमध्ये परिचारिकांना अटक झाली आणि त्यांच्या संघटना रस्त्यावर आल्या. न्यायालयात ज्याचा जो दोष ठरायचा तो ठरेल, त्यावर मी बोलत नाही. मी बोलते ते कार्यालयीन मराठीबद्दल. ‘कर्तव्यात कसूर’ हा शब्दप्रयोग परिचारिकेला लावला जातो, तेव्हा कर्तव्याच्या यादीत काय काय धरले आहे? त्या कक्षातली वायर बदलून घेण्याचा अधिकार तिला कधी दिला होता का? आग विझवण्याची यंत्रणा बसेपर्यंत कक्षात रुग्ण घेणार नाही, असे ती म्हणू शकली असती का? कँटर यांची चार सूत्रे या दोन रात्रींना लावून पाहावीत. माहिती, पाठबळ, साधने, संधी, चारही घरांत शून्य आणि जबाबदारीच्या घरात मात्र शंभर.

सेवेतून अधिकार निर्माण होऊ शकतो याचे एक उदाहरण महाराष्ट्रात घडले आहे आणि आपण ते बहुधा चुकीचे वाचले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयाच्या तळघरात एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्या १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षे, केईएमच्याच एका खोलीत होत्या आणि तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. पिंकी विराणी यांचे पुस्तक आणि ‘कथा अरुणाची’ हे मराठी नाटक यांमुळे ही हकिगत घरोघरी गेली, पण गेली ती दयेची आणि करुणेची कथा म्हणून. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला होता, आणि पुढे महापालिकेने अरुणांना केईएममधून हलवायचे घाटले तेव्हा परिचारिकांनीच विरोध करून ते थांबवले, हे भाग त्या कथेत मागे पडले. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाच्या याचिकेवर निकाल दिला. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. न्यायालयाने तो याचिका करणाऱ्या लेखिकेला दिला नाही. इतकी वर्षे जे तिला भरवत होते, पुसत होते, कूस बदलत होते ते केईएमचे कर्मचारी हेच तिचे खरे आप्त, असे न्यायालयाने मानले. निकालाच्या इतर बाजूंवर मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण सेवेला तिथे प्रथमच ओवाळणीखेरीज काही मिळाले. एका बाईच्या जगण्या-मरण्याबद्दल बोलण्याचा हक्क मिळाला. आणि तो मिळाला तो त्या परिचारिका चाळीस वर्षे नुसत्या मायाळू राहिल्या म्हणून नव्हे. वेळोवेळी त्या ‘नाही’ म्हणाल्या, तेही एकत्रितपणे म्हणाल्या.

परिचारिकांनी स्वतः लिहिलेले असे साहित्य कुठे आहे, असे मला त्या विद्यार्थिनीने प्रबंध दिल्यानंतर एका मैत्रिणीने विचारले. आत्मचरित्रे शोधायला ती निघाली होती. मी तिला वॉर्डातली रिपोर्ट बुके पाहायला सांगितले. प्रत्येक पाळी संपताना पुढच्या पाळीसाठी लिहिलेला तो मजकूर, अर्धा इंग्रजी, अर्धा मराठी, घाईच्या अक्षरातला. त्यात ‘मी’ जवळजवळ नसतो. कर्त्याशिवायची वाक्ये असतात : इंजेक्शन दिले, नातेवाइकांना सांगितले, लघवी इतकी मिली. आणि एक वाक्य पुन्हा पुन्हा येते, ‘डॉक्टर इन्फॉर्म्ड’, पुढे वेळ. आईच्या आजारपणात एका रुग्णालयात मी रात्री जागत होते तेव्हा सिस्टरला हे वाक्य लिहिताना पाहिले आहे. वेळ तिने घड्याळाकडे दोनदा बघून लिहिली, २.४०. डॉक्टर केव्हा आले याचा रकाना त्या पानावर नव्हता. पुढच्या ओळीत तिने पुन्हा लिहिले, डॉक्टर इन्फॉर्म्ड, ३.१५.